पाच तलंगा, सात कोंबडे

खरं ते आधीच सांगून टाकतो. मी अंडं खात नाही. कधी खाल्लं नाही, आणि पुढं खाईन असंही वाटत नाही. तरीसुद्धा निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांच्या पोरांना रोज एक अंडं मिळालंच पाहिजे, असं पत्रक मीच लिहिलं, मीच छापलं आणि वखारीच्या दारात उभा राहून मीच वाटलं. ज्यांना यात हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. हसणारे वखारीत कधी गेलेले नसतात. तंबाखू चाळायला लागली की चार हातांवरचं माणूस दिसत नाही, आणि त्याच धुरळ्यात कोपऱ्याला झोळीत तान्ही पोरं झोपवलेली असतात. सहा महिन्यांचं पोर म्हाताऱ्यासारखं खोकतं. ते ऐकून आल्यावर माझ्या स्वतःच्या ताटाचा प्रश्न मला फार किरकोळ वाटायला लागला.

पत्रक वाटलं त्या दिवशी एका बाईनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "काय लिवलंय वं ह्यात, अण्णा?"

मी वाचून दाखवलं.

"अंडं लिवलंसा ते बरं केलंसा," ती म्हणाली. "पण कोंबडी कुठं लिवलीया? का ह्यो कागदच उकडून घालू पोरास्नी?"

भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ही बाई आमच्याच गावची. निपाणीहून बोरगावकडं निघालं की चालत तासाभरावर आमचं गाव, आणि आमच्या मळ्याला लागून ओढ्याच्या पलीकडं तिचं खोपट. तिला सगळे मावशी म्हणत. मी तिला तिथल्या तिथं उत्तर दिलं की ही मागणी आहे, मागणी आधी करायची असते. ती म्हणाली, "करा की." आणि आत कामाला गेली.

पुढच्या महिन्यात आमचा छापखाना सरकारनं कुलूपबंद केला. चळवळीतले बरोबरचे चौघे तुरुंगात गेले. मी गेलो नाही. मी विषमज्वरानं अंथरुणात होतो आणि पोलिसांनी दारातून डोकावून, हा काय उठत नाही, म्हणून सोडून दिलं. मी बाहेर राहिलो याचा मला अजून राग येतो. बरा होऊन निपाणीत गेलो तर छापखान्याच्या दारावर लाख लावलेली, आणि ज्या चहाच्या दुकानात आम्ही पाचजण तासन् तास भांडायचो तिथला मालक मला बघून फडकं घेऊन टेबल पुसायला लागला. स्वच्छच टेबल पुसत होता. मी चहा न घेता गावी आलो.

गावात बोलायला माणूस नव्हता. घरात वडील, म्हणजे आप्पा, माझ्याशी बोलत, पण बैलाविषयी, पावसाविषयी. त्या रिकाम्या दिवसांत मावशीचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. कोंबडी कुठं आहे? आमच्याकडची गावठी कोंबडी दहाबारा अंडी घालते आणि खुडूक होऊन बसते. मग महिना-दीड महिना नाव नाही. कुणीतरी सांगितलं, बेळगावात कॅम्पाकडं एक म्हातारा कंपौंडर विलायती जात पाळतो, पिल्लं विकतो, वर्षभर अंडी देतात. मी सायकल विकली आणि बेळगावची मोटार धरली.

हा कंपौंडर ख्रिस्ती. लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेला, एकटाच राहणारा. अंगणात जाळीचे कप्पे, आणि आत काळ्याभोर कोंबड्या. काळ्या म्हणजे नुसत्या काळ्या नव्हेत, ऊन पडलं की हिरवी झाक मारणाऱ्या. तुरा लालभडक, एका डोळ्यावर लोळणारा, आणि कानापाशी पांढरी पाळी, शर्टाच्या बटनासारखी. मिनॉर्का म्हणतात ह्या जातीला. आख्ख्या मुलखात त्याच्याशिवाय कुणाकडं नव्हती. साहेबाच्या जातीचं काहीही घरात आणायचं नाही अशी शपथ मी घेतलेली. पण ही जात साहेबाची नाही, स्पेनकडची आहे, असं त्यानं सांगितलं आणि मी ते ताबडतोब मान्य केलं. माणसाला हवं असलं की तो किती लवकर पटवून घेतो!

त्यानं माझं आडनाव विचारलं. ते जैनाचं आहे हे कळल्यावर चष्मा काढून त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमच्या लोकांना मी तीस वर्षं औषध वाटलंय," तो म्हणाला. "ह्यात मध आहे काय, दारू आहे काय, हे विचारल्याशिवाय घोट घेत नाहीत. आणि तू कोंबड्या पाळणार?"

"पाळणार."

"पिल्लात नर कुठला, मादी कुठली, मला कळत नाही. कुणालाच कळत नाही. निम्मे नर निघणार. पाचव्या महिन्यात एक नर ठेवायचा, बाकीचे भांड्यात. ते जमेल?"

"जमेल की."

"बघ बाबा. अंडी सगळ्यांना पाहिजेत. भांडं कुणालाच नको असतं."

मला त्याचा राग आला. मी त्याला संपत्तीच्या वाटणीवर पाच मिनिटं ऐकवलं. तो शांतपणे डालग्यात गवत अंथरत होता. सोळा पिल्लं त्यानं एकेक करून आत ठेवली. पाठ काळी, पोट पिवळट पांढरं.

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. तवंदीच्या घाटात सगळ्यांना उतरवलं आणि चालायला लावलं. वारं होतं म्हणून डालगं पोटाशी धरून वर शाल घेतलेली. शालीतून चिवचिवाट.

"काय हाय वं आत?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

मी शाल बाजूला केली.

"आयला, काळी-पांढरी! कावळ्याची हायत काय?"

"न्हाय रं," दुसरा म्हणाला, "वकिलाची असतील. काळा कोट घालूनच आल्यात."

सगळे हसले, मीही हसलो. आजारातून उठल्यापासून चारचौघांत हसलो तो पहिलाच दिवस.

घरी आप्पा कट्ट्यावर होते. त्यांनी डालगं बघितलं, उठून आत गेले, आणि आतूनच बोलले. "हे घरात येणार न्हाय. तू ह्यांच्यासंगं ऱ्हाणार असशील तर मळ्यातल्या खोपीत ऱ्हा." मी म्हणालो, राहतो. मग बऱ्याच वेळानं आई बाहेर आली आणि आप्पांचं उरलेलं बोलणं तिनं मला सांगितलं. कोंबडी पाळणं आमच्यात होत नाही, पण पाळणं वेगळं आणि मारणं वेगळं. जोवर माझ्या हातून जीव जात नाही तोवर घराचं दार उघडं आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्व येतं, तेव्हा कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकायच्या, आंघोळ करायची आणि घरच्यांच्या पंगतीला येऊन बसायचं.

"तोवर तुझं व्हईल की खेळून," आई म्हणाली.

मी तिला सांगितलं हा खेळ नाही. पण दार उघडं आहे हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तिला सांगितलं नाही.

पिल्लांना आई नव्हती. ती मावशीनं दिली. तिची एक गावठी कोंबडी खुडूक बसली होती. डालग्यावर पोतं टाकून अंधार केला आणि मावशीनं एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवलं. अर्ध्या तासानं पोतं काढलं तर कोंबडी जन्मापासून यांची आई असल्यासारखी माझ्याकडं डोळे वटारून बघत होती.

"आता वाळवी घाला रोज," मावशी म्हणाली. "गाडग्यात शेण भरून बांधावर पालथं घाला, दोन दिसात भरतंय वाळवीनं. पिल्लं टरारून वाढतात."

मी म्हणालो, "भिजवलेली डाळ घालतो. ताकातली कणी घालतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. "वाळवीची बी दया येतीया तुमाला? अन् अंडी कुणाला देणार, वाळवीलाच?"

मी तिला आहारशास्त्र सांगितलं. डाळीत तेच सत्त्व असतं वगैरे. खरं कारण असं, की गाडगं उपडं करायला माझा हात धजला नाही. लहानपणी पाणी गाळलेलं फडकंसुद्धा आई विहिरीवर नेऊन उलटं धुवायची, त्यातला जीव परत पाण्यात जावा म्हणून. त्याच घरात आठवडाभर तंबाखूची बोदं, ही मोठी पोती, पडलेली असायची आणि तिचा दर्प सगळ्यांच्या छातीत. त्या माणसांच्या जीवाचं कुणी काही विचारलं नाही. मी यावर पत्रक लिहिलं असतं. छापखाना नव्हता, म्हणून नुसताच चिडून बसलो.

घारीनं दोन नेली, एक मुंगसानं, एक अशीच मेली. बारा राहिली. मी खुराडं बांधलं, कूड सारवला. दिवसभर त्यांच्यामागं होतो. चौघांना तुरुंगात पत्रं लिहिली. कोंबड्यांविषयी लिहिलं, कारण दुसरं लिहिलेलं काळ्या शाईनं पुसून जायचं. एकाचंच उत्तर आलं. त्यात त्यानं विचारलं होतं, "तू बरा आहेस ना?" मला ते वाक्य लागलं. मी बराच होतो. तोच तर प्रश्न होता.

आई रोज दुपारी जेवण घेऊन यायची. बांधाच्या अलीकडं येत नसे. कोंबड्या उकरतात, घाण करतात, तिला शिसारी होती. फडक्यात बांधलेलं जेवण ती बांधावरच्या दगडावर ठेवायची आणि मी ते घ्यायला जायचो. मग ती विचारायची, "मारला न्हाईस न्हवं कुठला?"

"न्हाय गं."

"बरं झालं." आणि घरी जाऊन ती हे आप्पांना सांगायची, हे मला माहीत होतं. माझं घराशी जेवढं काही उरलं होतं ते ह्या दोन वाक्यांत होतं.

आषाढात तुरे फुटले आणि कोण काय ते कळलं. तलंगा पाच. कोंबडे सात.

तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची कोंबडी. पाच तलंगांना एक कोंबडा पुष्कळ होतो. माझ्याकडं सात. पहाट झाली की सातही जण आरवायचे, एकानं संपवलं की दुसरा. मग मारामारी. तुरे रक्तानं माखलेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तलंगांचे हाल. त्या दाणे टिपायला खाली आल्या की एकामागं एक कोंबडे पाठीवर. पाठीची पिसं उडाली, कातडं उघडं पडलं, त्याच्यावर परत नखं. एक तलंग खुराड्याच्या मागं तोंड घालून उभी राहायची, बाहेरच यायची नाही. खायचीसुद्धा नाही.

कंपौंडरचं म्हणणं मला आठवत होतं. मी ते विसरल्यासारखं केलं. कोंबड्यांच्या पायाला सुतळ्या बांधून सात खुंट्यांना सात बांधले. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

"अण्णा, कचेरी भरवलीया काय? साक्षीदार बांधून ठिवल्यात!"

सुतळ्या तुटायच्या. मग निपाणीच्या पांजरपोळात गेलो. तिथल्या कारभाऱ्यानं मला पाणी दिलं, विचारपूस केली, आणि कोंबडे म्हटल्यावर हात जोडले. गाय आणा, म्हैस आणा, लंगडं घोडं आणा. कोंबडा घेतला तर वर्गणीदार उद्या दारात येतील. जीव वाचवायची जागा होती ती, पण जिवांतसुद्धा त्यांची यादी ठरलेली. मी तिथं आवाज चढवून बोललो. त्यानं काय होणार?

एक कोंबडा मी गावातल्या एकाला फुकट दिला, मारणार नाही असं कबूल करून घेऊन. त्यानं आनंदानं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात काळी पिसं. मी जाब विचारला तर म्हणाला, "मग काय त्याला शाळंत घालू?" आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "न्हाय." ते खरंच होतं. मी मारला नव्हता. दगडावरचं जेवण उचलताना मला माझ्याच उत्तराची लाज वाटली.

श्रावण संपत आला आणि खुराड्यामागं उभी राहणारी ती तलंग मेली. चार राहिल्या. दुसरीची पाठ चिघळलेली, माशा बसत होत्या. मी हळद-तेल घेऊन तिला धरून बसलो होतो, तेव्हा मावशी ओढा ओलांडून आली. तिच्याबरोबर वखारीतल्या आणखी दोघी. अंडी कधी मिळतील ते विचारायला आलेल्या. त्यांच्या घरी कोंबड्या खुडूक बसायच्या बेतात होत्या, त्यांच्याखाली ही अंडी ठेवायची आणि घरोघरी ही जात करायची, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

मावशीनं तलंगेची पाठ बघितली.

"ह्या मरणार," ती म्हणाली. "आठ दिसात चारी मरणार. मग सहा कोंबड्यांची अंडी काढून देतासा काय आमाला?"

मी हळद लावत राहिलो.

"मला द्या, मी कापतो," मावशी म्हणाली. आमच्याकडं बायकाही कधी कधी असंच बोलतात.

"घेऊन जा," मी म्हणालो. "काय करायचं ते कर. मला सांगू नको."

ती जागची हालली नाही. "तसं न्हाय. तुमी म्हणा, काप. मी कापणार, पाप माझं, अन् तुमी सोवळं ऱ्हाणार? वखारवाला असंच बोलतोय. मुकादमाला म्हणतोय, काय करायचं ते कर, मला सांगू नको."

हे वाक्य माझ्याच पत्रकातलं होतं, जवळजवळ तसंच. तिला वाचता येत नव्हतं, मीच ते तिला वाचून दाखवलं होतं. मी मात्र लिहिताना ते दुसऱ्याविषयी लिहिलं होतं.

"काप," मी म्हणालो. "पाच काप. एक ठेव."

"कुठला ठिवू?"

तेही मीच सांगितलं. आणि पाय मी धरले. पाचांचेही. कोंबड्याचा पाय गरम असतो, आपल्या हातापेक्षा गरम, हे मला इतक्या महिन्यांत जाणवलं नव्हतं. तिसऱ्यानंतर मी उठून बाजूला गेलो, आणि परत येऊन बसलो. तिघी बायकांपैकी कुणी हसलं नाही. जाताना मावशी एवढंच म्हणाली, "हात राखेनं घासा, नुसत्या पाण्यानं वास जायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. मळ्यात एकाच कोंबड्याचं आरवणं चाललेलं. खुंट्या उपसून ठेवलेल्या, सुतळ्यांचं भेंडोळं खोपीच्या दारात. तिनं ते सगळं बघितलं. मला दिसलं की तिनं बघितलं. मग तिनं फडकं दगडावर ठेवलं आणि बोलायला लागली. देवळात पर्वाची तयारी चालली आहे. आप्पांनी आज आपणहून विचारलं, त्याच्या धोतराला नीळ दिली काय. मामा येणार आहेत. पंगतीत मला आप्पांशेजारी बसवायचं ठरलंय. ती भराभर बोलत होती, एकाला एक जोडून, मध्ये जागा न ठेवता.

रोज विचारायची ते तिनं विचारलं नाही.

मला वाटलं ती विसरली. खरंच तसं वाटलं. सव्वीस वर्षांचा मी, सरकारला सत्य सांगायला निघालेला, आणि मला माझ्या आईचं बोलणं कळलं नाही. मी म्हणालो, "आई, मी काल पाच मारले. मावशीनं कापले, पण मी सांगितलं म्हणून. पाय मी धरले."

 तिनं त्या चार तलंगांकडं बघितलं. त्या उघड्यावर येऊन निवांत टिपत होत्या, पहिल्यांदाच.

"मी इचारलं व्हतं काय तुला?" ती म्हणाली.

मी म्हणालो, खोटं बोलून पंगतीत बसणार नाही.

"खोटं कोण बोल म्हणतंय? गप बस म्हणत व्हते मी. चार दीस. आता घरात गेल्यावर ते इचारणार, मी काय सांगू? मला येत न्हाय रं खोटं बोलायला." तिचा आवाज चिडका होता, रडका नव्हता. रडली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. तिनं पदर सारखा केला आणि वळली. बांध संपेपर्यंत मी बघत होतो.

त्यानंतर जेवण आलं नाही. मी खोपीत चूल मांडली. भात करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. पर्वाचे दहा दिवस देवळातली घंटा मळ्यापर्यंत ऐकू यायची आणि मी त्या वेळी मुद्दाम कुदळ घेऊन काहीतरी खणत बसायचो. आप्पांचा निरोप कुणाकडून आला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. मी जाऊन दार वाजवू शकलो असतो. वाजवलं नाही. मी बरोबर होतो असं मला तेव्हा वाटत होतं, आणि कोंबड्यांच्या बाबतीत मी अजूनही बरोबर आहे.

पाठी भरल्या, नवी पिसं आली. अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी पहिलं अंडं आलं, मोठं, खडूसारखं पांढरं. मग दुसऱ्या तलंगेचं. पंधरा दिवसांत मावशी आणि त्या दोघी पाट्या घेऊन आल्या. पाटीत भुसा घालून अंडी नीट मांडून घेतली.

"तुमी एक तरी खाऊन बघितलंसा काय?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"मी खात नाही."

"मग येवढं सगळं कशापायी वं?"

मी तिच्या पाटीतलं शेवटचं अंडं भुशात नीट बसवलं. मावशी म्हणाली, "चल गं, ऊन चढंल. अंडी तापतील." त्या तिघी ओढ्यातून पलीकडं गेल्या, पाट्या डोक्यावर, एका हातानं धरून, बोलत बोलत. त्यांचं बोलणं वळणापर्यंत ऐकू येत होतं. मग मी आत येऊन चूल पेटवली.